घरची जुनी फटफटी : ठेवावी कीं विकावी?

एकत्र कुटुंबाची वांटणी निघते तेव्हां जमीन, वाडा, भांडींकुंडीं आणि सोनेंनाणें यांचा निवाडा बहुधा लवकर लागतो. खोळंबा होतो तो ज्या वस्तूची खरी किंमत कोणासच सांगतां येत नाहीं तिच्यापाशीं. अशा वस्तूंत गेल्या कांहीं वर्षांत एकीची भर पडली आहे. ती म्हणजे पडवीच्या कोपऱ्यांत जुन्या चादरीखालीं उभी असलेली, चाकांतली हवा गेलेली, आजोबांची मोटारसायकल. थोरल्या काकांना ती विकवत नाहीं. पुण्यामुंबईस बिऱ्हाड करून राहिलेल्या पुतण्यांना ती ठेवावयास जागा नाहीं. आणि घरांतील सुनांना ती केर काढतांना रोज आडवी येते. मधूनच एखादा हौशी गृहस्थ दारांत येऊन घरांत कोणाच्या कल्पनेंतही नसलेली रक्कम देऊं करतो, आणि मग ज्यांनीं पंधरा वर्षें तिच्याकडे ढुंकून पाहिलें नाहीं त्यांनाही ती एकाएकीं पूज्य वाटूं लागते.

हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. सातारा जिल्ह्याचा माण तालुका आणि त्याला लागून असलेला सांगली जिल्ह्याचा आटपाडीकडील मुलूख यांस आपण माणदेश म्हणतों. त्या माणदेशाकडे पाहून या प्रश्नाचा विचार करावा असें आम्हांस वाटतें. कारण वस्तु जपून वापरण्याची संवय तेथील माणसाला परिस्थितीनेंच लावली आहे. जुनी गाडी ठेवावी कीं विकावी याचें उत्तर नुसत्या भावनेनें देतां येत नाहीं, आणि नुसत्या बाजारभावानेंही देतां येत नाहीं. त्यासाठीं घरांतल्यांनीं एकमेकांस एकच गोष्ट विचारावी : ही गाडी चालवणारा आणि तिच्या यंत्रांत हात घालणारा माणूस आपल्यांत आहे काय? आमच्या लेखाचें सारें म्हणणें एवढेंच आहे. तें असें कां, हें क्रमानें सांगतों.

फटफटी घरांत आली ती वाट

मोटारसायकल हें वाहन जगाच्या मानानें फार जुनें नाहीं. १८८५ सालीं जर्मनींत गॉटलीब डाइमलर यानें लांकडी सांगाड्याच्या दुचाकीस पेट्रोलवर चालणारें इंजिन बसविलें, आणि १८९४ मध्यें म्यूनिक शहरीं हिल्डेब्रांड व वोल्फम्यूलर यांनीं अशा गाड्या विक्रीसाठीं बांधावयास प्रारंभ केला. आपल्याकडे लोकांनीं तिच्या आवाजावरूनच तिचें बारसें केलें. फटफटी हा शब्द कोणा पंडितानें घडविला नाहीं, तरी त्याच्याइतका चपखल प्रतिशब्द कोशकारांना क्वचितच साधला असेल.

मध्यम स्थितीच्या मराठी घरांचे दरवाजे तिला मोकळे झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. लष्करास नको झालेलें सामान सरकारनें विकावयास काढलें. त्याला लोक डिस्पोजलचा माल म्हणत. बी.एस.ए., नॉर्टन, मॅचलेस या इंग्लिश गाड्यांची लष्करी पिढी ती हीच. बी.एस.ए.ची एम-२० आणि नॉर्टनची १६-एच या दोन्ही पांचशें सी.सी.च्या जवळपासच्या, अंगानें जड, वेगानें बेताच्या आणि स्वभावानें अत्यंत सोशिक होत्या. त्यांची रचना इतकी साधी कीं बऱ्यापैकीं लोहाराला त्यांतलें निम्में काम समजावें.

त्यानंतर देशांतच गाड्या होऊं लागल्या. १९५५ मध्यें मद्रासेस, म्हणजे आतांच्या चेन्नईस, एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि इंग्लंडांतील रेडिच गांवच्या रॉयल एन्फील्डची ३५० सी.सी.ची बुलेट तेथें जुळविली जाऊं लागली. हळूहळू तिचे सर्व भाग येथेंच होऊं लागले. पुढें १९६७ सालीं रेडिचचा कारखाना बंद पडला आणि लवकरच मूळची कंपनीही मोडली. मद्रासची शाखा मात्र टिकली. जनक घर मोडून दत्तक गेलेल्या मुलानें कुळाचें नांव चालवावें, तसा हा प्रकार झाला.

१९६१ मध्यें म्हैसूर येथें रुस्तुम इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीनें झेकोस्लोव्हाकियाची २५० सी.सी.ची जावा बनवावयास घेतली. जावा या नांवाचा जावा बेटाशीं संबंध नाहीं. यानेचेक हें संस्थापकाचें नांव आणि वांडरर हें ज्या जर्मन गाडीचे हक्क त्यानें घेतले तिचें नांव, या दोहोंचीं आद्याक्षरें जोडून तें झालें आहे. झेक कंपनीशीं असलेला करार संपल्यावर हीच गाडी येझदी या नांवानें निघत राहिली, आणि १९९६ मध्यें म्हैसूरचा तो कारखाना बंद झाला. १९६२ पासून एस्कॉर्ट्स कंपनीनें पोलंडच्या एस.एच.एल. गाडीवरून १७५ सी.सी.ची राजदूत काढली. शहरी तरुणांनीं १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटांत राजदूतची एक लहानखुरी बहीण पाहिली. खेड्यांत मात्र राजदूत म्हटली कीं दोहों बाजूंस दुधाच्या किटल्या लावलेली, कच्च्या रस्त्यानें खडखडत येणारी गाडीच डोळ्यांपुढें उभी राहते.

त्या काळीं परवान्यांच्या व्यवस्थेमुळें वाहनांचें उत्पादन मोजकें असे, आणि नव्या गाडीसाठीं नांव नोंदवून थांबावें लागे. त्यामुळें एकदां हातीं आलेली गाडी टाकून देण्याचा विचार कोणाच्या मनांत येत नसे. मोडली तर दुरुस्त करावयाची आणि पुन्हां मोडली तर पुन्हां दुरुस्त करावयाची. आज पडवींत उभ्या असलेल्या गाड्या या रीतीमुळेंच आपल्यापर्यंत येऊन पोंचल्या आहेत.

माणची हवा आणि माणची रीत

एकाच सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पूर्वेकडे माणांत तो पांचशेंच्या आसपास येऊन थांबतो. तोही भरंवशाचा नाहीं. सातारा-पंढरपूर रस्त्यानें पुसेगांव सोडून दहिवडी, गोंदवलें, म्हसवड असें पूर्वेस जाऊं लागलें, किंवा फलटणकडून मोगराळ्याचा घाट चढून दहिवडीस उतरलें, कीं माळरानें लागतात आणि एका वस्तीपासून दुसरी वस्ती लांब लांब पडूं लागते. महाराजांच्या दर्शनास गोंदवल्यास जाणाऱ्या आमच्या वाचकांस हा रस्ता परिचयाचा आहेच.

या प्रदेशाचें जुनें वैभव म्हणजे खिल्लार बैल. म्हसवड आणि आटपाडी हीं नांवें खिल्लारांच्या पारखी माणसाला वेगळीं सांगावीं लागत नाहींत. पण बैलास चारा लागतो आणि पाणी लागतें. १९७२ च्या दुष्काळांत काय झालें तें वडीलधाऱ्यांच्या तोंडून अनेकांनीं ऐकलें आहे, आणि २०१२-१३ सालीं म्हसवडला उघडलेली जनावरांची छावणी तर तरुणांनींही पाहिली आहे. अशा मुलखांत वाऱ्यानेंच थंड होणारें, पाण्याचा थेंबही न मागणारें मोटारसायकलचें इंजिन लोकांच्या पसंतीस उतरलें यांत आश्चर्य नाहीं. दूरच्या वस्तीवर जाणारा डॉक्टर, गुरांचा सरकारी वैद्य, तलाठी आणि दूध गोळा करणारा, अशांच्या कामांचा भार या गाड्यांनीं उचलला.

माणची कोरडी हवा जुन्या लोखंडास मानवते. कोंकणांत खारा वारा आणि चार महिन्यांची ओल गाडीच्या टाकीला आंतून बाहेरून खाऊन टाकते. माणांत तीच टाकी कितीतरी अधिक काळ धड राहते. परंतु या हवेचे दोन शत्रूही आहेत. एक धूळ. मुरुमाची बारीक पूड हवेच्या गाळणींतून आंत शिरली कीं पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांमध्यें ती कुरुंदाचें काम करते, आणि उघड्या चेनवर तेलाशीं मिसळून दांते झिजविते. दुसरा शत्रु ऊन. उन्हाळ्यांतील तापानें रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडतात. नक्षी शाबूत दिसते म्हणून दहा-बारा वर्षांच्या जुन्या टायरवर विसंबणें हा जिवाशीं खेळ आहे. जुन्या गाडीवर पहिला खर्च रंगाचा करूं नये. टायर, ट्यूब आणि ब्रेकचे अस्तर यांचा करावा.

राखण कशी करावी

जुनी गाडी सांभाळण्यास अमानुष ताकद लागते असा एक समज आहे. तो खरा नाहीं. बुलेटचीच गोष्ट घ्या. इंजिन सुरू करतांना किल्ली फिरवून किक हळूहळू दाबीत न्यावी आणि दिव्याच्या खोळीवरील अँपिअर-मापकाकडे लक्ष द्यावें. कांटा मध्यावर आला म्हणजे पॉइंट उघडले असें समजावें. मग डाव्या हाताखालचा डिकॉम्प्रेशरचा खटका ओढून किक किंचित पुढें न्यावी, खटका सोडावा, आणि किक वर येऊं देऊन एकदांच, पण सबंध अंगाचा भार टाकून मारावी. हें ज्याला साधलें त्याचें इंजिन पहिल्या-दुसऱ्या किकेस बोलतें. जो नुसत्या जोरावर धडका मारीत राहतो त्याच्या नडगीवर किक उलटून आदळते. या कामीं शक्तीपेक्षां युक्ति मोठी असल्यानें घरांतल्या मुलीही हें सहज शिकतात, आणि त्यांस शिकवावें असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

जावाची रीत निराळी. तिचा किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच; गाडी सुरू झाली कीं तोच पुढें वळवून गिअरसाठीं वापरावयाचा. तिचें इंजिन टू-स्ट्रोक असल्यानें तेल पेट्रोलांतच मिसळावें लागतें. साधारण वीस-पंचवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल. तेल कमी पडलें तर पिस्टन धरतो, अधिक झालें तर सायलेन्सर काजळीनें तुंबतो आणि गाडीचा दम कोंडतो. अशी तुंबलेली गाडी कित्येक वेळां इंजिन बिघडलें म्हणून विकली जाते, आणि घेणारा सायलेन्सर साफ करून ती हंसत हंसत घेऊन जातो.

फोर-स्ट्रोक गाडीस नियमाचीं कामें थोडींच. तेल ठरल्या मुदतींत बदलावें. धुळीच्या मुलखांत मुदतीआधींच बदलावें. पॉइंटमधील फट मिलिमीटरच्या साडेतीन ते चार दशांश ठेवावी, आणि ती अंदाजानें न ठेवतां पट्ट्यांच्या मापानें पाहावी. जुन्या बुलेटचे टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतांना असे बसवावेत कीं पुशरॉड दोन बोटांनीं मोकळा फिरावा पण वरखालीं हलूं नये. चेन धुऊन तेल द्यावें. हीं कामें अर्ध्या दिवसाचीं आहेत, आणि त्यांस लागणारे पान्हे एका लहान पेटींत मावतात.

आतां पेट्रोलचा प्रश्न. २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशांत शिशाचें पेट्रोल मिळेनासें झालें. शिशाच्या आधारानें टिकणाऱ्या जुन्या बिडाच्या व्हॉल्व्हबैठका तेव्हांपासून जपाव्या लागतात. दुसरी अडचण याहून मोठी आहे. २०२५ पासून देशभर पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल येतें. तें ऊस आणि धान्य यांपासून करतात. ज्या कृष्णाकांठच्या उसाकडे माणचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या दुरून पाहत आला, त्याच उसाचा मद्यार्क आतां त्याच्या फटफटीच्या टाकींत उतरला आहे. हा मद्यार्क हवेंतील ओल शोषून घेतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर पाणी धरलेला थर पेट्रोलापासून वेगळा होऊन टाकीच्या तळाशीं बसतो, आणि गंज तेथून सुरू होतो. जुनीं रबरें त्यानें फुगतात, बुचाचे भाग भुसभुशीत होतात, आणि कार्बोरेटरचा मऊ धातु पांढरा पडतो. शिवाय अशा पेट्रोलास हवा कमी लागते, त्यामुळें पूर्वीच्या मापाच्या जेटवर इंजिन उपाशी चालतें आणि तापतें.

यावर उपाय कठीण नाहींत. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचीं रबरें इथेनॉलला टिकणारीं घालावीं; मिस्त्रीच्या सल्ल्यानें जेट किंचित मोठा करावा; आणि महिनाभर गाडी निघणार नसेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आठवड्यांतून एकदां आठ-दहा किलोमीटर ती चालवावी. नुसतें पडवींत इंजिन सुरू करून पांच मिनिटांत बंद केल्यानें लाभापेक्षां हानि अधिक; तें पुरतें तापत नाहीं आणि आंत जमलेली ओल आंतच राहते.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. या गाड्यांचे ब्रेक आणि सहा व्होल्टचे दिवे त्यांच्या काळच्या रस्त्यांसाठीं होते. आजच्या महामार्गावरील वेगांत त्यांस ढकलूं नये. दिवसाउजेडीं, बेताच्या वेगानें आणि डोक्यावर शिरस्त्राण घालूनच त्यांवर बसावें.

कागदाची बाजू

यंत्र धड असून कागद नसेल तर गाडी वारसास अडचणीची होते. गाडी आजोबांच्या नांवावर असून ते वारले, आणि कोणी कांहींच केलें नाहीं, असें अनेक घरांत घडतें. नियम असा आहे कीं मालकाच्या मृत्यूची खबर तीस दिवसांत परिवहन कार्यालयास द्यावी, आणि गाडी पुढें वापरावयाची असेल तर वारसानें तीन महिन्यांत नमुना ३१ भरून ती आपल्या नांवें करून घ्यावी. विलंब झाला असला तरी हें काम टाळूं नये; बाकीच्या वारसांची लेखी संमति घेऊन एकाच्याच नांवें गाडी करावी. सर्वांची गाडी ती कोणाचीच नव्हे, हा एकत्र कुटुंबाचा अनुभव येथेंही खरा आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें चालते; पुढें दर पांच वर्षांनीं गाडी तपासून घेऊन ती वाढवावी लागते. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या गाड्यांसाठीं दुसराही मार्ग काढला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेली, मूळ स्वरूपांत राखलेली आणि सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये पडतात, ती दहा वर्षें चालते, आणि पुन्हां करतांना पांच हजार रुपये लागतात. जिची आधींच नोंदणी आहे तिचा जुना क्रमांक राहतो. मात्र अशी गाडी रोजच्या कामास रस्त्यावर आणतां येत नाहीं; प्रदर्शन, मेळावा, संशोधन, पेट्रोल भरणें आणि दुरुस्ती, एवढ्यासाठींच ती बाहेर निघावी.

या दोन मार्गांत केवळ पैशाचा फरक आहे असें समजूं नये. एक मार्ग गाडीला वाहन म्हणून जिवंत ठेवतो, आणि दुसरा तिला संग्रहाची वस्तु करतो. दुर्मिळ इंग्लिश गाडीस दुसरा मार्ग शोभेल. परंतु साठ-सत्तरच्या दशकांतील बुलेट, जावा, राजदूत चालण्याजोगी असेल तर दर पांच वर्षांची तपासणी सोसून ती रस्त्यावर राहूं द्यावी, असें आम्हांस वाटतें. तपासणीच्या धाकानें तरी तिचे ब्रेक आणि दिवे नीट राहतात.

जुनी गाडी विकत घेऊं पाहणाऱ्यांनीं सांगाड्यावरचा व इंजिनावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं स्वतः ताडून पाहावा. क्रमांक खरवडलेला दिसला तर गाडी कितीही देखणी असली तरी तेथून उठावें.

मिस्त्री गेला कीं

आतां आम्ही या विषयाच्या गाभ्याशीं येतों. बुलेटचे भाग आजही मिळतात, कारण तिचा जुना सांचा येथें कित्येक दशकें चालूच होता. जावाचे भाग येझदीच्या पुण्याईनें मिळतात. राजदूतचे शोधावे लागतात, आणि जुन्या इंग्लिश गाड्यांचे परदेशांतून मागवावे लागतात किंवा घडवून घ्यावे लागतात. घडविणारे आपल्याजवळच आहेत. कोल्हापुरच्या शिवाजी उद्यमनगरांत वाळूच्या सांच्यांत धातु ओतण्याचें आणि लेथवर तो कांतण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. नमुन्याचा झिजलेला बुश हातीं दिला तर तसाच नवा कांतून देणारा कारागीर तेथें सांपडतो.

अशा कारागिरीची या भागाची परंपरा थोर आहे. १८८८ सालीं बेळगांवीं सायकलचें दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० मध्यें औंधच्या राजेसाहेबांनीं दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभारली. आटपाडीचा महाल त्याच औंध संस्थानचा होता. ज्या ओसाड माळावर कांहीं उगवत नाहीं त्यावर यंत्रें पिकवितां येतात, हें त्यांनीं या दुष्काळी मुलखाच्या शेजारींच करून दाखविलें. आणि त्यांचें आरंभीचें शिक्षण काय, तर वस्तु उघडून पाहणें, समजून घेणें आणि पुन्हां जोडणें.

आज उणीव आहे ती नेमकी या शिक्षणाची. तालुक्याच्या गांवीं जुन्या गाडीच्या आवाजावरून दोष ओळखणारे जे मिस्त्री आहेत ते आतां वयस्क झाले. इंजिनाला कान लावून व्हॉल्व्ह आहे कीं मोठ्या टोकाचें बेअरिंग आहे तें सांगणारी त्यांची विद्या कोठें लिहिलेली नाहीं. एप्रिल २०२० पासून नव्या प्रदूषण-नियमांमुळें बाजारांत येणाऱ्या जवळजवळ सर्व मोटारसायकलींत कार्बोरेटर जाऊन संगणकाच्या हुकुमानें पेट्रोल सोडणारी यंत्रणा आली. ती चांगलीच आहे. धूर कमी होतो, पेट्रोल वांचतें. पण तिच्या गॅरेजांत शिकणाऱ्या मुलास पॉइंटची फट लावण्याचा प्रसंगच येत नाहीं. मिस्त्रीचा मुलगा बापाच्या धंद्यांत येत नाहीं, कारण त्या धंद्यांत त्याला भविष्य दिसत नाहीं. आणि तें दिसत नाहीं, कारण जुन्या गाड्या आपण चादरीखालीं ठेवल्या आहेत. गाडी रस्त्यावर नसेल तर मिस्त्रीस काम नाहीं, आणि मिस्त्री नसेल तर गाडी रस्त्यावर येणार नाहीं. या फेऱ्यांतून सुटण्याची सुरुवात गाडीच्या मालकानेंच करावी लागेल.

ती कशी करावी? गाडी मिस्त्रीकडे टाकून येऊं नये. घरांतला एक तरुण मुलगा किंवा मुलगी त्या दिवशीं तेथें बसवावी. काय उघडलें, कोणता भाग घातला, कोणत्या मापाचा घातला, हें एका वहींत तारखेनिशीं लिहावें आणि शक्य तर आकृति काढावी. ही वही गाडीच्या कागदांबरोबर ठेवावी. मिस्त्रीच्या वेळाचा मोबदला देतांना शिकविल्याचेही पैसे न मागतां द्यावेत. आपण संगीताच्या आणि संस्कृताच्या गुरूस दक्षिणा देतों. ज्याच्या हातांत धातूची विद्या आहे त्याला मात्र घासाघीस करून चार रुपये कमी देतों. शिकलेल्या घरांची ही संवय सुटली पाहिजे.

निवाडा

एवढें पाहिल्यावर मूळ प्रश्नाचें उत्तर देणें सोपें जातें. घरांत एक जरी माणूस असा असेल कीं जो आठवड्यास गाडी बाहेर काढील आणि तेलानें हात काळे करून घेण्यास लाजणार नाहीं, तर गाडी ठेवावी, त्याच्या नांवें करावी, आणि इतरांनीं वर्षाच्या खर्चांत थोडा वांटा उचलावा. मोबदल्यांत दिवाळीस सर्वांनीं एकेक फेरी मारावी. तिला चकचकीत करण्याच्या नादीं लागूं नये. आजोबांच्या पायानें झिजलेला किकचा रबर आणि गुडघ्यानें घांसलेला टाकीचा रंग हा त्यांचाच हस्ताक्षराचा कागद आहे. त्यावर नवा मुलामा चढविला तर हातीं उरते ती दुकानांतही मिळण्यासारखी गाडी.

असा माणूस घरांत नसेल तर ती विकावी, आणि अपराध्यासारखें वाटूं देऊं नये. मात्र सर्वांत मोठी रक्कम बोलणाऱ्यास न देतां जो ती चालवील त्यास द्यावी, आणि सोबत कागद, वही व मिस्त्रीचा पत्ता द्यावा. तोडून सुटे भाग विकणाऱ्याच्या हातीं ती जाऊं नये एवढी खबरदारी घ्यावी. खिल्लाराची खोंडें विकतांना माणचा शेतकरी घेणाऱ्याची दावण पाहतो. तीच दृष्टि येथें ठेवावी.

आणि आठवण म्हणूनच ती घरांत राहावी अशी सर्वांची इच्छा असेल, तर तेंही नीट करावें. पेट्रोल काढून टाकावें, बॅटरी उतरवावी, प्लगच्या छिद्रांतून थोडें तेल सोडून किकेनें इंजिन हळू फिरवावें, आणि दोन्ही चाकें जमिनीपासून उचलून लांकडी ठोकळ्यांवर ठेवावीं. चादर ओढून पाठ फिरविणें आणि राखण करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

देवघरांतील समई आपण रोज लावतों म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या उजळ राहते. कपाटांत ठेवलेली काळवंडते. यंत्राचाही धर्म हाच आहे. ज्या घरांतून अशी गाडी उभी असेल त्या घरच्या वडील माणसांनीं येत्या रविवारीं चादर काढावी, मुलांना भोंवतीं बोलवावें, आणि पान्ह्यांची पेटी उघडावी. गाडी घरांत राहणार कीं जाणार, याचा निकाल कोणाचा हात पान्ह्याकडे आधीं जातो त्यावरून आपोआपच लागेल.